मदत हवी आहे : कॅम चाचणीत कोऱ्या चकतीभोवतीही रक्तवाहिन्या जमतात

यावलकर
एम.एस्सी.चा प्रोजेक्ट जळगावात चालू आहे. केळफुलाच्या मिथेनॉल अर्कामुळे नव्या रक्तवाहिन्यांची वाढ थांबते का, हे कोंबडीच्या अंड्यातल्या कॅम पडद्यावर (कवचाखालचा, रक्तवाहिन्यांनी भरलेला गर्भाचा पडदा) बघायचं आहे. उबवणीच्या तिसऱ्या दिवशी कवचात खिडकी पाडतो, आठव्या दिवशी पडद्यावर फिल्टर पेपरची (अर्काची किंवा कोरी) चकती ठेवतो, दहाव्या दिवशी मोजतो. अडचणी तीन : बरेच गर्भ आधीच मरतात, कोऱ्या चकतीभोवतीही वाहिन्या चाकाच्या आऱ्यांसारख्या जमतात, आणि जास्त मात्रेच्या अर्काखाली पडदा पांढरा पडतो. हा पांढरा भाग 'वाहिन्या नाहीत' म्हणून धरायचा का? शिवाय गाठींच्या रक्तवाहिन्यांवर काम करणाऱ्या फोकमन यांच्या कामाशी याचा संबंध परीक्षक विचारणार, तेही थोडक्यात सांगा.

खिडकीवाला
आधी चकती. साधा फिल्टर पेपर स्वतःच पडद्याला डिवचतो, सूज आली की वाहिन्या धावत येतात. मिथाइल सेल्युलोजची चकती करा. १ टक्का द्रावण, टेफ्लॉनवर १० मायक्रोलिटरचे थेंब, लॅमिनारमध्ये (गाळलेल्या निर्जंतुक हवेच्या कपाटात) वाळवायचे. पावडर गरम पाण्यात विरघळत नाही. आधी ती कोरडीच ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करून घ्या, मग निर्जंतुक थंड पाण्यात टाकून रात्रभर ४ अंशांवर ढवळत ठेवा. गरम केलंत की जेल होऊन बसतं.

दुसरा गुन्हेगार कवचाचा भुगा. पडद्यावर पडलेला एक कणही वाहिन्या ओढतो. कापायच्या जागी आधी पारदर्शक टेप चिकटवा आणि टेपसकट सव्वा सेंटिमीटरची खिडकी कापा. त्याआधी अंडं आडवं ठेवून निमुळत्या टोकाकडून, सुई खाली झुकवून, २ ते ३ मिली पांढरा बलक काढून घ्या. पडदा कवचापासून सुटून खाली बसला नाही तर कात्री थेट त्यालाच लागते. सुई वर गेली तर पिवळा बलक फुटला म्हणून समजा. असं अंडं बाजूला काढा.

तापीकाठ
भाऊ, अंडी कुठली आणि कोणत्या महिन्यात? नवापूरकडून बाजारात येणारी अंडी लेअर फार्मची. तिथे कोंबडा नसतो, म्हणजे ती फलित नसतातच. हॅचरीतूनच घ्या, पांढऱ्या कवचाची मिळाली तर कँडलिंग (उजेडासमोर धरून आतला गर्भ बघणं) सोपं जातं. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या एसटीने आणू नका. विशीच्या वर तापमान गेलं की गर्भ हळूहळू वाढायला लागतो, वाटेत अर्धवट वाढून मरतो. पहाटे आणा, १५ ते १८ अंशांवर निमुळतं टोक खाली करून ठेवा, आठवड्याच्या आत वापरा.

आपल्याकडचा खरा घोळ इन्क्युबेटरचा. साधं मशीन फक्त तापवतं, थंड करत नाही. खोलीच ४२ अंशांवर गेली तर काटा ३७.५ वर लावून उपयोग काय? एसी खोली किंवा कूलिंगवालं मशीन हवं. आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास, खाली पाण्याचा ट्रे. उन्हाळ्यात तो रोज बघावा लागतो. खिडकी पाडल्यावर अंडं फिरवायचं नाही.

प्रयोगवही
पांढऱ्या भागाबद्दल : धरू नका. केळफुलात टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर. ते प्रथिनांना बांधून पडदा आवळतं, वाहिन्या दिसेनाशा होतात. हा दाह झाला, वाढीला बसलेला आळा नाही. तसंच गर्भ मेला की वाहिन्या ओसरतात. ठोके दिसत नसतील ते अंडं मोजणीतून वगळा, पण किती मेली ते गटवार लिहा. एका गटात जास्त मेली तर अर्क विषारी आहे, एवढंच कळतं.

गट चार तरी ठेवा : कोरी चकती, फक्त द्रावकाची चकती, व्हीईजीएफची (वाहिन्या वाढवणारं प्रथिन), आणि अर्काची. द्रावक म्हणून डीएमएसओ वापरलंत तर ०.५ टक्क्याच्या खाली. फोटो एकाच मॅग्निफिकेशनचे, आणि मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. शेवटी प्रत्येक गटात जिवंत दहा तरी उरले पाहिजेत, त्या हिशेबाने सुरुवात करा. वाहिन्यांची पेशीविभागणी दहाव्या-अकराव्या दिवसानंतर मंदावते, त्यामुळे चकती उशिरा ठेवून फरक शोधण्यात अर्थ नाही.

फोकमन : १९७१ च्या लेखात त्यांनी मांडलं की नव्या वाहिन्या मिळाल्याशिवाय कर्करोगाची गाठ काही मिलिमीटरच्या पुढे जात नाही, कारण प्राणवायू पेशींतून फार दूर झिरपत नाही. त्यांच्याच गटाने पुढे कॅमवर गाठी लावून दाखवलं : वाहिन्या आत शिरेपर्यंत गाठ छोटी राहते, शिरल्या की भराभर वाढते. त्या विचारावरचं पहिलं मोठं औषध, बेव्हासिझुमॅब, अमेरिकेत २००४ साली मंजूर झालं. पण तुमच्या अंड्यात गाठ नाही, म्हणून शीर्षकात 'कर्करोगविरोधी' लिहू नका. परीक्षक तिथेच पकडतात.

यावलकर
धन्यवाद! टॅनिन काढायचं कसं?

प्रयोगवही
मिथेनॉल उडवून अर्क पाण्यात घ्या. १०० मिलीला साधारण ५ ग्रॅम पीव्हीपीपी (टॅनिन धरून ठेवणारी, पाण्यात न विरघळणारी पावडर) टाकून थंडीत ढवळा, सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी घ्या. त्यातल्या थोड्या पाण्यात फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून बघा. निळसर-काळा किंवा हिरवट-काळा रंग आला तर पुन्हा करा. कोरं पाणीही याच वाटेने न्या आणि त्याची चकती द्रावकाच्या गटात वापरा. काढण्याआधीचा आणि नंतरचा अर्क शेजारी-शेजारी लावलात तर पांढरा भाग कशाचा होता तेही कळेल.