पोलिसावर केस करायला खरंच सरकारची परवानगी लागते का?

रानपाखरू:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होतंय पण पूर्ण वाचा प्लीज. माझ्या मावसभावाला मागच्या आठवड्यात पोलीस स्टेशनला बोलावलं, मोटरसायकल चोरीच्या चौकशीसाठी म्हणून. संध्याकाळी सातला गेला तो दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आला. अटक दाखवलीच नाही, कुठे सही नाही, कागद नाही. दोन्ही तळपायांवर पट्ट्याने मारलंय आणि कानशिलात इतक्या जोरात हाणली की डाव्या कानाने अजून नीट ऐकू येत नाहीये. गाडी दुसऱ्याच कोणीतरी चोरली होती आणि तो सापडला पण. सोडताना याला एवढंच सांगितलं की बाहेर तोंड उघडलंस तर बघ.

आम्ही तक्रार द्यायला गेलो तर ठाणे अंमलदार म्हणाला की पोलिसावर केस करायला मंत्रालयातून परवानगी लागते, ती आणा मग बघू. ओळखीच्या एका वकिलाने पण तेच सांगितलं, कायद्याचं कलम १९७ आडवं येतं, नादी लागू नका. मावशी म्हणते पोरगं जिवंत घरी आलं हेच नशीब, आता गप बसा. पण मला झोप लागत नाहीये हो. नेटवर बघितलं तर अमेरिकेत पण पोलिसांना इम्युनिटी असते असं दिसतंय. म्हणजे पोलिसाने काहीही केलं तरी त्याला हात लावता येत नाही असाच कायदा आहे का? नक्की काय ते सांगा, आणि आता आमच्या हातात काय आहे ते पण.

तालुका_कोर्ट:
दादा, आधी कायदा बाजूला ठेवा आणि भावाला आजच्या आज सरकारी दवाखान्यात न्या, एमएलसी (पोलीस-कोर्टाच्या कामासाठीची वैद्यकीय नोंद) करून घ्या. डॉक्टरला 'पडलो' वगैरे सांगायचं नाही, कोणी मारलं, कशाने, कुठे, किती वाजता, सगळं सांगायचं आणि ते केसपेपरवर लिहून घ्यायला लावायचं. कानाची ऑडिओमेट्री करायला सांगा. तळपायाचे फोटो रोज काढा, वळ पिवळे पडत जातात त्यावरून मार साधारण किती दिवसांपूर्वीचा याचा डॉक्टरला अंदाज येतो. आठवडा गेलाय, अजून चार दिवस गेले की अंगावर काही दिसणार नाही आणि मग सगळं तुमच्या तोंडी शब्दावर येतं.

दुसरं म्हणजे सीसीटीव्ही. सुप्रीम कोर्टाने परमवीर सिंग सैनी केसमध्ये डिसेंबर २०२० ला सांगितलंय की प्रत्येक पोलीस स्टेशनात कॅमेरे हवेत, गेटवर, लॉकअपमध्ये, पॅसेजमध्ये, आवाजासकट, आणि फुटेज १८ महिने जपून ठेवायचं. तुमच्या केसमध्ये अटकच दाखवली नाहीये त्यामुळे गेटचा कॅमेरा हा सगळ्यात मोठा पुरावा, पोरगा सातला आत जाताना आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लंगडत बाहेर येताना त्यात असणार. आजच एसपींना लेखी अर्ज द्या की अमुक तारखेचं फुटेज जतन करा, रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि मेल पण करा. नंतर 'कॅमेरा बंद होता' असं उत्तर आलं तरी तुमचा अर्ज रेकॉर्डवर राहतो आणि कोर्ट विचारतं की बंद का होता.

आता परवानगीचं. अंमलदार जे बोलला ते चूक आहे. जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १९७, आता १ जुलै २०२४ पासून बीएनएसएसचं (तिच्या जागी आलेला नवा कायदा) कलम २१८, हे एफआयआरला आडवं येत नाही, ते येतं कोर्ट गुन्ह्याची दखल घेतं त्या टप्प्याला. दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) माहिती आली की एफआयआर घ्यायलाच लागतो हे ललिता कुमारी केसमध्ये २०१३ ला ठरलंय, आरोपी खाकीतला आहे म्हणून त्यातून सूट नाही. कबुली काढायला मारहाण करणं हा तर कायद्यात वेगळा गुन्हाच आहे, पूर्वी आयपीसी (भारतीय दंड संहिता) ३३०, आता बीएनएस (भारतीय न्याय संहिता) १२०. ठाण्यात घेत नाहीत तर एसपींना लेखी, तिथेही नाही झालं तर जेएमएफसी (प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेट) कोर्टात अर्ज. मात्र नव्या कायद्यात एक पायरी वाढलीये, सरकारी नोकराने ड्युटीत केलं असा आरोप असेल तर तपासाचा आदेश देण्याआधी मॅजिस्ट्रेट वरिष्ठाचा रिपोर्ट मागवतो आणि त्या पोलिसाचं म्हणणं पण विचारात घेतो. वेळ जातो त्यात, पण दार बंद होत नाही.

१९७ मुळात फक्त त्या अधिकाऱ्यांसाठी होतं ज्यांना सरकारच नोकरीवरून काढू शकतं. हवालदार शिपाई त्यात बसतच नाहीत, त्यांना एसपी काढू शकतो. पण त्याच कलमात राज्याला अधिसूचना काढून हे कवच पोलीस दलाला द्यायची सोय आहे आणि महाराष्ट्राने १९७९ ला तशी काढली, म्हणून आपल्याकडे शिपायापर्यंत ते पोचतं.

पण कवच कशाला? 'ड्युटी बजावताना किंवा बजावतोय असं दाखवून' केलेल्या कृत्याला. १९५५ च्या माताजोग दोबे केसपासून कसोटी हीच आहे की कृत्याचा ड्युटीशी वाजवी संबंध आहे का. निकाल दोन्ही बाजूंनी सापडतात हे आधीच सांगतो. २०२० ला कर्नाटकातल्या देवराजा केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की ड्युटी करताना मर्यादा ओलांडली तरी संबंध असेल तर मंजुरी (म्हणजे तीच सरकारची परवानगी) लागते, आणि तक्रार रद्द झाली. दुसरीकडे खोट्या चकमकीला हे संरक्षण नाही हेही कोर्टानेच सांगितलंय. तुमच्या बाजूने एक गोष्ट जोरात आहे. अटक नाही, नोंद नाही, रात्रभर कोंडून ठेवलं, ही कुठल्या कायद्याखालची ड्युटी ते त्यांनाच सांगता येणार नाही.

आणि मंजुरी लागलीच तरी आता २१८ मध्ये १२० दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात सरकारने निर्णय घेतला नाही तर मंजुरी दिली असं धरलं जातं. जुन्या कायद्यात हे नव्हतं, फाईल वर्षानुवर्षं पडून राहायची. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १६१ पण वकिलाकडून पहिल्याच भेटीत तपासून घ्या, त्यात केस दाखल करायची मुदत आहे आणि ती तोकडी आहे.

जुना_हवालदार:
मी ३१ वर्षं खात्यात काढली, आता निवृत्त आहे. वरच्या वकील साहेबांनी बरोबर सांगितलंय, मी दुसरी बाजू पण सांगतो.

हे संरक्षण उगाच नाही आणलं. दंगलीत बंदोबस्ताला मी उभा राहिलोय, डोक्यावर दगड पडत असताना साहेबाने लाठीचार्ज म्हटलं की लाठी चालवायची असते, तिथे विचार करायला वेळ नसतो. उद्या प्रत्येक जण कोर्टात उभा करणार असेल तर कुठला शिपाई पुढे होईल? आणि खोट्या तक्रारी पण होतात, ज्याच्यावर कडक कारवाई केली तोच तपास सैल व्हावा म्हणून तक्रार टाकतो, असं माझ्यावर दोनदा झालंय. त्या दोन्ही वेळी मला या कायद्याचाच आधार होता.

पण चोरीच्या संशयावरून पोरगं उचलून आणून रात्रभर पट्टा चालवणं ही ड्युटी नाही. आम्ही त्याला 'डिटेक्शन' म्हणायचो. महिन्याच्या क्राइम मीटिंगला साहेब विचारतात किती गुन्हे उघड, आणि तपासाला माणूस नाही, गाडीला डिझेल नाही, फॉरेन्सिकचा रिपोर्ट यायला महिने, मग हातात उरतो तो पट्टा. मी स्वतः कोणाला तळपायावर मारलं नाही, पण शेजारच्या खोलीत मारत होते तेव्हा मी डायरी लिहीत बसलो होतो. एक पोरगा होता, सतरा अठराचा असेल, आई आई करत होता. तो पण निर्दोष निघाला. मी कधीच कुठे बोललो नाही आणि ते मला अजून सतावतं, म्हणून आज हे लिहितोय.

कामाचं सांगतो. स्टेशन डायरीची त्या रात्रीची नक्कल माहिती अधिकारात मागा. नोंद नसेल तर ते त्यांच्याच अंगावर येतं कारण गेटच्या कॅमेऱ्यात पोरगा आहे. भावाचा मोबाईल त्याच्याजवळ होता का काढून घेतला ते लिहून ठेवा, लोकेशन निघतं. त्या रात्री ड्युटीवर कोण होतं ते ड्युटी रजिस्टरला असतं. आणि एसपी ऑफिसला एकटे जाऊ नका, दोघं तिघं जा, अर्जाची पोच शिक्क्यासकट घेतल्याशिवाय उठू नका. स्टेशनातून कोणी 'मिटवून टाका' म्हणून घरी आलं तर तारीख वेळ लिहून ठेवा.

आभाळमाया:
हवालदार काका, तुम्ही लिहिलंत ते वाचून डोळ्यात पाणी आलं. पण मंजुरीबद्दल मला वेगळं म्हणायचंय. दंगलीतल्या शिपायाला संरक्षण हवं हे मान्य, पण मंजुरी देणारं कोण तर तेच सरकार, ज्याच्या गृहखात्याखाली ते पोलीस काम करतात! ख्वाजा युनूसचं प्रकरण आठवा. घाटकोपर स्फोटाच्या तपासात डिसेंबर २००२ मध्ये अटक झालेला इंजिनिअर, जानेवारी २००३ मध्ये गायब. पोलीस म्हणाले गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. सीआयडीच्या तपासात तो कोठडीतच मेल्याचं पुढे आलं, १४ पोलिसांची नावं आली आणि सरकारने मंजुरी दिली फक्त ४ जणांविरुद्ध. बाकी दहांचं काय ते कुठल्या कोर्टात साक्षीपुराव्याने ठरलं नाही, मंत्रालयातल्या फाईलवर ठरलं. त्याची आई वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढली. मला मंजुरीच्या कायद्यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच वाटते की माणूस दोषी की निर्दोष हे न्यायाधीशासमोर जायच्या आधीच ठरतं आणि ते का ठरलं हे आईबापाला कोणी सांगत नाही.

जिथे केस चालते तिथे निकाल लागतो पण. लखनभैय्याची खोटी चकमक २००६ ची, २०१३ ला सेशन्स कोर्टात २१ जणांना शिक्षा झाली, त्यातले १३ पोलीस, आणि जो मोठा अधिकारी तेव्हा सुटला होता त्याला हायकोर्टाने मार्च २०२४ मध्ये जन्मठेप दिली. १८ वर्षं लागली, मयताचा भाऊ स्वतः वकील होता आणि त्याने पिच्छा सोडला नाही. प्रत्येकाच्या घरात वकील भाऊ कुठून असणार? परभणीचं सोमनाथ सूर्यवंशीचं बघा, डिसेंबर २०२४ मध्ये कोठडीत मृत्यू, एफआयआर व्हायला जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाला आदेश द्यावा लागला, तरी सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिथे हरलं. नुसत्या एफआयआरला सात महिने!

रानपाखरू, तुम्ही पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे पण अर्ज करा. सुप्रीम कोर्टाने प्रकाश सिंग केसमध्ये २००६ ला सांगितलं होतं की राज्य आणि जिल्हा पातळीवर अशी प्राधिकरणं करा आणि त्यांच्या शिफारशी बंधनकारक ठेवा. महाराष्ट्राने २०१४ ला कायद्यात बदल करून राज्य पातळीवर आणि विभागीय पातळीवर केलं, जिल्ह्यात नाही. राज्याच्या प्राधिकरणावर हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश असतात. गंभीर दुखापत, बेकायदा अटक किंवा डांबून ठेवणं हे त्यांच्या कक्षेत येतं. माझ्या चुलत्याच्या प्रकरणात आम्ही गेलो होतो, तारखा पडतात, येण्याजाण्यात दिवस मोडतो, पण समोर तो अधिकारी येऊन बसला आणि त्याला उत्तर द्यावं लागलं. आमच्या काकूने त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याकडे मान वर करून बघितलं.

दूरदेशी:
अमेरिकेचं थोडक्यात सांगतो कारण त्यावरून गोंधळ होतोय. तिकडची क्वालिफाईड इम्युनिटी ही भरपाईच्या दिवाणी दाव्यापुरती आहे. १८७१ च्या कायद्याने हक्क मोडणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा करता येतो, पण १९६७ आणि १९८२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांनी असं झालं की तो हक्क आधीच 'स्पष्टपणे प्रस्थापित' नसेल तर अधिकारी सुटतो. मग आधीच्या निकालात हुबेहूब तसाच प्रसंग शोधत बसावं लागतं. फौजदारी खटल्याला ती आड येत नाही, जॉर्ज फ्लॉईडच्या खुनात पोलीस अधिकारी डेरेक शॉविनला २०२१ ला शिक्षा झालीच. आपल्याकडे उलट, अडथळा फौजदारीत आहे आणि भरपाईचा रस्ता त्यामानाने मोकळा.

तालुका_कोर्ट:
भरपाईचा विषय निघालाच आहे तर कस्तुरीलाल केस सांगतो, प्रत्येक लॉ स्टुडंटला ती टोचते. १९४७, मेरठ. अमृतसरहून आलेल्या सराफाला संशयावरून पकडलं, सोनं-चांदी जप्त केली, तो निर्दोष. चांदी परत मिळाली, सोनं १०३ तोळ्यांच्या वर होतं ते हेड कॉन्स्टेबल घेऊन पाकिस्तानात पळाला. सुप्रीम कोर्टाने १९६४ च्या निकालात म्हटलं, निष्काळजीपणा झाला खरा, पण अटक आणि जप्ती ही राज्याची सार्वभौम कामं, त्यामुळे सरकार भरपाई द्यायला बांधील नाही. माणूस निर्दोष, चूक पोलिसांची, आणि सोनं गेलं ते गेलंच.

ते बदललं १९९३ ला नीलाबती बेहेरा केसमध्ये. ओडिशातली आई, २२ वर्षांच्या मुलाला पोलिसांनी नेलं, दुसऱ्या दिवशी प्रेत रेल्वे रुळावर. तिने सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं आणि तेच रिट (याचिका) धरून कोर्टाने दीड लाख भरपाई दिली, वर सांगितलं की मूलभूत हक्क मोडला तिथे सार्वभौमत्वाचा बचाव चालत नाही. म्हणजे दादा, फौजदारीत मंजुरीचा घोळ झाला तरी हायकोर्टात घटनेच्या कलम २२६ खाली भरपाई मागता येते आणि त्याला कोणाची मंजुरी लागत नाही. दोन्ही बरोबर चालू ठेवता येतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं.

रानपाखरू:
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेष करून हवालदार काका तुमचे. काल भावाला सिव्हिलला नेलं. डॉक्टर आधी लिहायला तयार नव्हते, मी केसपेपर धरून उभाच राहिलो, शेवटी 'पोलिसांनी पट्ट्याने मारल्याचे रुग्ण सांगतो' असं लिहिलं. डाव्या कानाच्या पडद्याला छिद्र आहे. मावशीने रिपोर्ट बघितल्यावर बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली मी पण येते एसपी ऑफिसला. सोमवारी आम्ही चौघं जातोय, फुटेजचा अर्ज आणि तक्रार दोन्ही टाईप करून ठेवलंय. पोच मिळाली की इथे कळवतो.