ओले हॉप्स किती घालू?

बीव्हरटनकर:
मंडळी, तीन वर्षांपूर्वी कुंपणाशी लावलेली कॅस्केड जातीच्या हॉप्सची (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या बोंडांची) वेल यंदा पहिल्यांदा लगडलीय. काल संध्याकाळी आम्ही दोघांनी बोंडं खुडली, ९०० ग्रॅम भरली. हात तीनदा धुतले तरी चिकटच, आणि घरभर मोसंबीच्या सालीचा वास. १९ लिटर पेल एल बिअर करायचीय. आजवर पाकिटातले पेलेटच (सुक्या हॉप्सच्या दाबलेल्या गोळ्या) वापरलेत. रेसिपीत ६० मिनिटं उकळायला २८ ग्रॅम कॅस्केड लिहिलंय. ओले तेवढेच घालू का? (आईला व्हिडिओ कॉलवर 'औषधी वेल आहे' असं सांगितलंय.)

खटपट्या:
तेवढेच घातलेत तर पाणचट होईल. ओल्या बोंडात पाऊण हिश्शाहून जास्त पाणीच असतं, म्हणून सुक्याच्या पाचपट धरा. पण कडूपणा त्यांच्या भरवशावर सोडू नका. घरच्या वेलीचं अल्फा (कडूपणा देणारं आम्ल) किती, हे तपासून घेतल्याशिवाय कळत नाही. पेलेटच्या पाकिटावर टक्के छापलेले असतात. ते २८ ग्रॅम पेलेटचेच ठेवा. ताजे अर्धा किलो घ्या, गॅस बंद करून वर्ट (यीस्ट घालण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) ८० अंशांवर आला की घाला आणि वीस मिनिटांनी काढा.

मी पहिल्या वर्षी हौसेनं दीड किलो तासभर उकळले. बिअर कसली, गवताचा काढा! वर पाकळ्यांनी पातेल्याचा नळ तुंबला. तेव्हापासून चक्का बांधायच्या मलमलीत घालतो. पुरचुंडी सैल बांधा, नाहीतर मधली बोंडं कोरडीच राहतात.

मंद_आंच:
काल खुडलेत ना? मग आजच उरका. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेत तर आतून तापतात, वास बिघडतो. उरलेले जाळीवर पंख्याखाली सुकवा. पुढच्या वर्षी खुडण्याआधी एक बोंड चिमटीत दाबून बघा: कागदासारखं कुरकुरलं, सोडल्यावर परत फुगलं आणि आत हळदीसारखी पिवळी भुकटी दिसली, की तयार.

आणि घरात कुत्रा असेल तर चोथा उघड्यावर टाकू नका. हॉप्स खाऊन कुत्र्याला ताप चढतो, जिवावर बेततं.

बीव्हरटनकर:
बरं झालं सांगितलंत, आमचा बंड्या कंपोस्टच्या ढिगातच लोळत असतो. चोथा झाकणाच्या डब्यात गेला. रात्री साडेअकराला यीस्ट घातलं, सकाळी एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी झडप) बुडबुडायला लागलाय. नळ तुंबला नाही. चक्क्याचं फडकं मात्र हिरवं पडलंय, धुऊनही वास जात नाही. बायकोला अजून दाखवलेलं नाही.