शब्दचर्चा : ‘अनस्टेबल एपीआय’ आणि ‘बंडल्ड लायब्ररी’ला मराठीत काय म्हणावं?

अमळनेरकर : पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी मुक्त सॉफ्टवेअरवर टिपण लिहितोय. ‘अनस्टेबल एपीआय’ला (एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याची फंक्शनं वापरायची ठरलेली रीत) ‘अस्थिर इंटरफेस’ लिहिलं, तर पोरं विचारतात, ‘सर, म्हणजे तो हँग होतो का?’ आणि ‘बंडल्ड लायब्ररी’ला, म्हणजे दुसऱ्याच्या तयार कोडची जी प्रत प्रोग्रामसोबतच दिली जाते तिला, ‘गाठीतली लायब्ररी’ कसं वाटतं?

धुळेकर : आप्पा, आपल्याकडे गाठ म्हणजे जिनिंगमधली, 170 किलो कापसाची. ते नकोच. ‘अस्थिर’बद्दल पोरं बरोबर बोलताहेत. लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) आत ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम, ज्या फंक्शनांवर चालतात, ती कधीही बदलू शकतात; ती कायमची का बांधून ठेवणार नाही, याचं कर्नल सांभाळणाऱ्यांपैकी एक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचं टिपण कर्नलच्या कागदपत्रांतच आहे. म्हणून कर्नल काही कोसळत नाही. बाहेरच्या प्रोग्रामांसाठीचे सिस्टीम कॉल (कर्नलकडे काम मागायचे मार्ग) मात्र मोडायचे नाहीत, हा तिथला दंडक. मुद्दा हमीचा आहे. ‘बिनहमीचा इंटरफेस’ म्हणा, हमीभाव तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

रावेरची माई : दादा, ‘हमी’त गोची आहे. मुक्त सॉफ्टवेअरचे परवाने बघा, जीपीएल घ्या नाहीतर एमआयटी, त्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की कसलीही हमी नाही. मग सगळंच बिनहमीचं झालं! मी सरळ ‘बदलता इंटरफेस’ लिहिते.

शिरपूरकर : ‘न सांगता बदलणारा’ लिहा की, माई. एफएफएमपेग (व्हिडिओ-ऑडिओ हाताळणारं मुक्त सॉफ्टवेअर) 5.0 आलं आणि माझा जुना प्रोग्राम बिल्डच होईना. त्यातलं ‘एव्हीकोडेक_डीकोड_व्हिडिओ2’ हे फंक्शन म्हणे कुठे जाहीरच केलेलं नाही.

रावेरची माई : न सांगता कसं, भाऊ? ते फंक्शन 2016 मध्ये, 3.1 पासूनच नोटिशीवर होतं. 5.0 आलं जानेवारी 2022 मध्ये. इतकी वर्षं कंपायलर इशारा देत होता, वाचतो कोण! (‘डेप्रिकेटेड’ला, म्हणजे पुढे काढून टाकणार असं जाहीर केलेल्याला, मी ‘नोटीस लागलेलं’ म्हणते. ‘कालबाह्य’ पटत नाही, कारण त्या काळात ते चालतच असतं.)

शिरपूरकर : म्हणून तर मी आता जुनी प्रत प्रोग्रामसोबतच देतो. बठ्ठी कटकट मिटली.

धुळेकर : मिटली नाही, तुझ्या दारात आली. सप्टेंबर 2023 मध्ये लिबवेबपीत (वेबपी चित्रं उघडणाऱ्या लायब्ररीत) सुरक्षेचं भोक सापडलं, आखून दिलेल्या मेमरीबाहेर लिहिलं जायचं. डेबियनवर (लिनक्सच्या एका डिस्ट्रोवर, म्हणजे सगळं सॉफ्टवेअर जुळवून दिलेल्या संचावर) सामायिक पॅकेज दुरुस्त केलं की त्यावर चालणारे प्रोग्राम सावरतात. क्रोम, फायरफॉक्स, इलेक्ट्रॉनवरची (क्रोमचाच गाभा पोटात घेऊन येणारी) ॲप्स यांच्या प्रती मात्र आपापल्या, ज्याची त्याने शिवायची. 2002 मध्ये झेडलिब या डेटा आवळणाऱ्या लायब्ररीचंही हेच झालं होतं. डेबियनचं धोरण अशा प्रती टाळा म्हणतं ते उगाच नाही. अर्थात मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्यांचंही ऐकावं लागतं : त्यांनी एका आवृत्तीवर तपासलेलं असतं, डिस्ट्रो दुसरी लावते, आणि शिव्या यांना.

रावेरची माई : मग ‘पदरची लायब्ररी’ म्हणू या. जो बाळगेल त्याने निस्तरायचं.

अमळनेरकर : ‘पदरची’ म्हटलं की पोरांना वाटेल, स्वतः लिहिलेली.

रावेरची माई : बरं, ‘पदरी घेतलेली’. आणि प्रत घेऊन तिच्यात फेरफार केले असतील तर ‘दत्तक’. हा फरक ठेवाच, आप्पा. पदरी घेतलेली काढून तिथे सिस्टीमची लावून बघता येते. दत्तकाच्या जागी ती बसेलच असं नाही. झेडलिबमध्ये तर सगळ्या फंक्शनांच्या नावाआधी ‘झेड_’ लावायची सोयच आहे, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये दोन प्रती आल्या तरी नावं भांडत नाहीत.

धुळेकर : ‘दत्तक’ चालेल. ‘बदलता’ला माझा अजून विरोध आहे.