खिडकीतली कमान खाणकामगारांची आहे

अमेरिकेतल्या झगमगाटापुढे जर्मन घरांची ख्रिसमसची रोषणाई फिकी वाटते, खिडकीत मेणबत्त्यांची किंवा दिव्यांची एक कमान ठेवली की झालं, असं काही जण म्हणतात. त्या कमानीबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तिला श्विबबोगन म्हणतात आणि ती आली जर्मनीच्या झाक्सन (सॅक्सनी) राज्यातल्या एर्त्सगेबिर्ग या डोंगराळ भागातून. तिथे शतकानुशतकं चांदीच्या आणि कथिलाच्या खाणी होत्या. हिवाळ्यात कामगार अंधारात खाणीत उतरायचा, वर यायचा तेव्हाही अंधारच. अशा माणसांना उजेडाचं केवढं अप्रूप असेल! माहीत असलेली सर्वांत जुनी कमान १७४० सालची, योहानगेऑर्गनश्टाट गावातली, धातूची. आज घरोघरी दिसणारी, दोन खाणकामगार, लाकूड कोरणारा कारागीर आणि लेस विणणारी बाई असलेली रचना मात्र पाउला योर्दान यांनी १९३७ साली श्वार्त्सेनबर्गच्या प्रदर्शनासाठी केली.

मला त्याहून भावते ती तिथली आणखी एक पद्धत. घरात जितक्या मुली तितके देवदूत आणि जितके मुलगे तितके खाणकामगार, हातात मेणबत्त्या घेतलेले, लाकडाचे, खिडकीत ठेवायचे. रस्त्यावरून जाणाऱ्याला घरातली मुलं मोजता यायची.

झाडाचं म्हणाल, तर जुन्या वळणाच्या घरांत ते २४ डिसेंबरच्या संध्याकाळीच उजळतं, काही ठिकाणी अजूनही खऱ्या मेणबत्त्यांनी. खिडक्या मात्र ॲडव्हेंटच्या, म्हणजे ख्रिसमसआधीच्या चार रविवारांपैकी, पहिल्या रविवारपासून. तेव्हा डिसेंबरात जाणार असाल तर मोठ्या शहरांतल्या ख्रिसमस बाजारांबरोबर एक संध्याकाळ एर्त्सगेबिर्गमधल्या झायफेन किंवा आनाबर्ग या गावांसाठी जरूर ठेवा.