पाच लेकरं, जळालेलं घर आणि एकही हाड नाही. सॉडर प्रकरणाबद्दल तुम्हाला काय वाटतं?

महालकर:
काल रात्री हे सगळं परत वाचून काढलं आणि मग झोपच लागली नाही, म्हणून धागा काढून राहिलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियामधे फेयेटव्हिल नावाचं गाव आहे, कोळशाच्या खाणींचा भाग, आपल्याकडे उमरेड-वणी आहे तसा. तिथे इटलीहून येऊन स्थायिक झालेलं सॉडर कुटुंब राहायचं, दहा लेकरं, एक मुलगा सैन्यात, बाकी नऊ घरी. 24 डिसेंबर 1945 च्या रात्री सगळे झोपले आणि मध्यरात्रीनंतर एक-दीडच्या सुमारास घर पेटलं. आईबाप आणि चार मुलं बाहेर आली, पाच आलीच नाहीत. वयं 14, 12, 9, 8 आणि 5.

बाप वरच्या खिडकीकडे जायला शिडी शोधतो तं शिडी जागेवर नाही, ती नंतर दूर एका उतारावर पडलेली सापडली. दोन ट्रक होते, त्यातला एक खिडकीखाली लावून चढावं म्हटलं तं दोन्ही सुरू होईनात, आदल्या दिवशी व्यवस्थित चालले होते. फायर ब्रिगेडचं ठाणं चार किलोमीटरवर आणि गाडी आली सकाळी आठला! घर पाऊण तासात खाली बसलं होतं. सकाळी थोडी शोधाशोध केली, दहा वाजेपर्यंत सांगून टाकलं की काही सापडत नाही, मुलं पूर्ण जळून गेली असतील. वायरिंगमुळे आग लागली असा निष्कर्ष काढला आणि 30 डिसेंबरला पाचही जणांचे मृत्यूचे दाखले तयार.

आता मला एवढंच सांगा, तुमच्यापैकी ज्यांनी घाटावर राख सावडली आहे त्यांना हे पटतं का? माझ्या बाबांच्या वेळी मी तिसऱ्या दिवशी अंबाझरी घाटावर गेलो होतो, चिता किती तास धगधगत होती ते डोळ्याने पाह्यलं होतं, तरी अस्थी हाताने वेचल्या, कलशात भरल्या आणि रामटेकला अंबाळा तलावात सोडल्या. पाऊण तासाच्या आगीत पाच लेकरांचं एक हाडही उरत नाही, हे माझं मन मानायला तयार नाही. मला वाटतं ती लेकरं त्या घरात नव्हतीच.

फायरवाला_भाऊ:
महालकर, तुमच्या दुःखाचा आदर ठेवून सांगतो, चिता आणि घराची आग यांची तुलना होत नाही. मी आपल्या इथल्याच राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात कोर्स केला आहे आणि पुढे बरीच वर्षं याच कामात काढली. चितेत देह वर असतो, त्याच्यावर काही पडत नाही, कोणी तुडवत नाही, आणि कुठे काय सापडेल हे सावडणाऱ्याला माहीत असतं. घरात छप्पर पडतं, मग वरचा मजला खालच्यावर, मग सगळंच तळघरात. पाऊण तासात घर कोसळलं, आग विझली नाही, तो ढिगारा रात्रभर आत धगधगत राहतो. वरून तापलेल्या हाडावर पाणी मारलं की ते तडकतं, बोट लावलं तरी भुगा होतो, आणि लहान लेकरांची हाडं तं कवळीच. त्यांनी शोधलं किती वेळ, दोन तास! चाळणी नाही, काही नाही. चार दिवसांनी बापानेच त्यावर पाच फूट माती टाकली, मुलांचं स्मारक करायचं म्हणून. हाड सापडलं नाही आणि हाड नव्हतं, यात फार फरक आहे हो.

धरमपेठची_ताई:
भाऊ, पण त्याच ढिगाऱ्यात घरातल्या वस्तू ओळखू येतील अशा सापडल्या होत्या, ते कसं? त्या आईने घरी चुलीत कोंबडीची, डुकराची, गाईची हाडं जाळून पाह्यली, दरवेळी हाडं उरली. एका दहनगृहातल्या माणसाने तिला सांगितलं की 2000 फॅरनहाइटला दोन तास जाळलं तरी हाडं राहतात. ती बाई रडत बसली नाही, तिने प्रयोग केला, मला तिचं फार वाटतं. आणि 1949 ला परत खोदकाम झालं तेव्हा मणक्याचे चार तुकडे निघाले, ते अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संशोधन संस्थेकडे पाठवले. त्यांनी सांगितलं की हे चारही एकाच माणसाचे, वय साधारण 16-17, आणि ह्या हाडांना आगीचा स्पर्शही झालेला नाही. त्या पाचांत सगळ्यात मोठा 14 चा होता! त्यांनी हेही लिहिलं की घर एवढाच वेळ जळलं असेल तं पाचही मुलांचे पूर्ण सांगाडे मिळायला हवे होते. हे आईचं म्हणणं नाही, तज्ज्ञांचं आहे.

सदर_बाजार:
ताई, ते "एवढाच वेळ" म्हणजे त्यांना जेवढं सांगितलं गेलं तेवढा वेळ, अर्धा तास. भाऊ तेच सांगून राहिले की आग त्याहून जास्त वेळ आत होती. आणि ते मणके भरावाच्या मातीसोबत आले असतील.

मला अपहरण पटतच नाही. समजा कोणी नेली, काहून नेली? बाप मुसोलिनीच्या विरोधात उघड बोलायचा, एका विमा एजंटने घर जळेल अशी धमकी दिली होती, हाव, हे सगळं मान्य. पण पाच लेकरं रात्रीतून उचलायची, बाकीच्यांना जाग येऊ द्यायची नाही, खंडणी मागायची नाही, आणि पुढे 14 वर्षांचा पोरगा म्हातारा होईपर्यंत एकदाही घरी पत्र टाकणार नाही? 5 वर्षांची विसरेल, 14 चा विसरत नाही. आणखी एक, वाचलेल्या मोठ्या भावाने आधी पोलिसांना सांगितलं होतं की मी वर जाऊन त्यांना उठवलं, नंतर म्हणाला की फक्त खालून हाक मारली. पहिलं खरं असेल तं लेकरं घरातच होती.

महालकर:
सदरभाऊ, लहान भावंडं मागे राहिली ही गोष्ट कोणाला सहन होते, तो बिचारा काय बोलला आणि काय बदललं यावर मी तरी बोट ठेवणार नाही. पण फोनच्या वायरचं काय? दुरुस्तीवाला म्हणाला जळलेली नाही, कापलेली आहे. आणि आग लागली तेव्हा घरातले लाईट चालू होते असं आईबाप सांगत होते, मग वायरिंग कसं?

सदर_बाजार:
फोनची वायर कापल्याचं एकाने कबूल केलं होतं. आगीच्या वेळी तिथून सामान चोरत होता, वीजेची समजून कापली म्हणाला. आग आपण लावली नाही म्हणाला. आग कोणी लावली असेल हे मी मान्य करतो, तो मुद्दा वेगळा. आग लावणं म्हणजे लेकरं पळवणं नाही.

जिल्हाकोर्ट_नागपूर:
मी फक्त कागदाबद्दल बोलते. आपल्याकडे बेपत्ता माणूस सात वर्षं कोणालाच दिसला नाही, ऐकू आला नाही तर मृत मानता येतो, जुन्या एव्हिडन्स अ‍ॅक्टचं 108 कलम, आता साक्ष अधिनियमात 111. त्याआधीही परिस्थितीवरून मृत्यू सिद्ध करता येतो, पूर, आग, रेल्वे अपघात, पण मग पुरावा लागतो. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी दाखल्यासाठी सात वर्षं चकरा मारल्या, तोपर्यंत कपाळाचं कुंकू पुसायचं की नाही हेही घरचे ठरवू देत नव्हते. इथे पाच दिवसांत पाच दाखले. लवकर दिला म्हणून चूक असं मी म्हणत नाही, पण कशावरून दिला याचं उत्तर आईबापाला कोणी दिलेलं दिसत नाही, आणि एफबीआयनेही हा स्थानिक विषय आहे म्हणून हात वर केले.

धरमपेठची_ताई:
म्हणूनच त्यांनी 1952 मधे रूट 16 वर मुलांच्या फोटोंचा मोठा बोर्ड लावला, बक्षीस ठेवलं. 1960 च्या दशकाच्या शेवटी केंटकीहून एका तरुणाचा फोटो आला, मागे त्या पाचांतल्या एका मुलाचं नाव लिहिलेलं, पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. आईबापांना तो आपलाच वाटला. वडील 1969 ला गेले, आई 1989 पर्यंत काळे कपडे घालून राह्यली, जळालेल्या जागेवर बाग केली होती तिने. 44 वर्षं!

महालकर:
फायरवाला भाऊ, चाळणीचं तुमचं पटलं, खरंच. मी म्हणत होतो लेकरं घरात नव्हतीच, तेवढं ठामपणे आता नाही म्हणत. पण नीट शोधलंच नाही तं मग मेली असंही कसं म्हणायचं? तुम्ही कधी चाळली आहे का राख?

फायरवाला_भाऊ:
हाव. गाव सांगत नाही. गोठा आणि त्याला लागून घर, एक लेकरू आत राह्यलं. साहेब म्हणाले झालं, चला. त्याची आजी ढिगाऱ्यासमोरून उठेचना. मग आम्ही शेजारून गहू चाळायची चाळणी मागितली आणि दोन दिवस चाळत बसलो, टोपल्या-टोपल्यांनी. सापडलं ते एका मुठीत मावेल एवढं. ती आजी पदर पसरून बसली होती, त्यात घेतलं आणि उठली.
फेयेटव्हिलला कोणीतरी एवढं करायला पाहिजे होतं, तेवढ्यापुरता मी तुमच्याकडून आहे. अपहरण मात्र मला अजूनही नाही पटत.