अनुभव धागा: अमेरिकेतलं घर ठरावीक शुल्कात लिस्ट करून स्वतः विकलंत का?

इथे घर विकताना पाच-सहा टक्के कमिशन धरूनच चालतात. सहा लाख डॉलरच्या घरावर पाच टक्के म्हणजे ३०,००० डॉलर. काही ब्रोकर मात्र काहीशे डॉलरमध्ये घर एमएलएसवर (एजंट वापरतात ती विकाऊ घरांची सामायिक यादी) टाकून देतात. फोन, शोइंग, घासाघीस आपली आपण करायची. हे केलेल्यांनी सविस्तर लिहा. आमचं टाउनहाउस यंदा काढायचंय.

न्यू जर्सी
वाचतं ते आपल्या बाजूच्या एजंटचं कमिशन. वकील मात्र पहिल्या दिवसापासून हवा. समोरच्या एजंटने केलेल्या करारात वकिलाच्या तपासणीला तीन कामकाजाचे दिवस मिळतात, आमच्या वकीलबाईंनी त्यातच दोन जाचक अटी काढून टाकल्या.

टेक्सास, डॅलसजवळ
ऑगस्ट २०२४ पासून खरेदीदाराच्या एजंटला काय देणार ते एमएलएसवर लिहिता येत नाही. त्यामुळे प्रत्येक एजंटचा पहिला प्रश्न तोच! आम्ही "ऑफरमध्ये लिहून पाठवा, एकूण आकडा बघून ठरवू" असं सगळ्यांना एकच उत्तर दिलं.

खरी कसोटी ऑप्शन पिरियडमध्ये लागली. या मुदतीत खरेदीदार कुठल्याही कारणाने मागे फिरू शकतो. इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये छपरावर गारांचे डाग निघाले आणि अख्खं छप्पर बदलून मागितलं. नवऱ्याने त्याच दिवशी रूफर वर चढवला. त्याने खराब शिंगल्सवर खडूने गोल केले, फोटो काढले, दुरुस्तीचा लेखी अंदाज दिला. तो पाठवल्यावर गोष्ट दुरुस्तीच्या खर्चावर मिटली. असे कागद हाताशी ठेवाच, कारण तिथे आपल्या वतीने बोलणारं कुणी नसतं.

पुणे (घर सिअ‍ॅटलला)
परत आलेल्यांनी हा मार्ग धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. करासाठी तुम्ही नॉनरेसिडेंट झालात की फर्प्टाखाली (परदेशी मालकाच्या घरविक्रीवरचा अमेरिकी करकायदा) खरेदीदाराला साधारणपणे विक्रीच्या किमतीचे १५ टक्के कापून आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडे, भरावे लागतात. नफ्याचे नव्हे, किमतीचे! कपात कमी करून घ्यायचा ८२८८-बी अर्ज क्लोजिंगच्या (व्यवहार पूर्ण होऊन घर नावावर होण्याच्या) आत गेला पाहिजे. आमच्या लिस्टिंग सेवेने याबद्दल चकार शब्द काढला नाही. शेवटी पूर्ण सेवेचा एजंट नेमला, ते पैसे मला मुळीच जड वाटले नाहीत.

कॅलिफोर्निया
घर १९७८ च्या आधीचं असेल तर शिसं असलेल्या रंगाबद्दलचं डिस्क्लोजर (लेखी माहिती) देशभर सक्तीचं आहे. आणि शुल्क भरण्याआधी विचारून घ्या: लिस्टिंग किती महिने राहणार, किंमत बदलायला वेगळे पैसे लागतात का, क्लोजिंगला आणखी टक्केवारी आहे का. आमच्या करारात हे शेवटचं बारीक अक्षरात होतं, म्हणून आम्ही दुसरी सेवा घेतली.