गोटू माउंट घ्यावं की साधा डॉब आणि एन्कोडर? पैसे नेमके कशात घालावेत?

दिगंश (धागाकर्ता)

आठ इंची दुर्बीण घेऊ पाहणाऱ्याला हल्ली पहिला सल्ला मिळतो, 'गोटूच घे', म्हणजे मोटरने आपोआप वस्तूकडे वळणारं आणि तिच्यामागे फिरत राहणारं माउंट (दुर्बिणीची बैठक). डोळ्याने निरीक्षण करणाऱ्यासाठी हा सल्ला चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. तेजोमेघ शोधणं आणि तो नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) धरून ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. गोटूमध्ये दोन्हींचे पैसे एकदम द्यावे लागतात आणि किंमत आटोक्यात ठेवायची म्हणून कात्री लागते ती गिअर आणि बेअरिंगला.

शोधण्यासाठी मोटर लागतच नाही. डॉब म्हणजे फळीवर फिरणाऱ्या पेटीत ठेवलेली, हाताने ढकलायची दुर्बीण. तिच्या दोन अक्षांवर प्रत्येकी एक एन्कोडर (अक्ष किती फिरला ते मोजणारा) बसवा, नळी हाताने ढकला, वस्तू अजून किती दूर आहे ते सांगणारे पडद्यावरचे दोन्ही आकडे शून्यावर आणा. एका फेऱ्याला १०,००० खुणा देणारा एन्कोडर २.१६ आर्कमिनिटांपर्यंत मोजतो. १२०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीत २५ मिमी नेत्रिका लावली तर ४८पट वर्धन मिळतं आणि दृश्यक्षेत्र एक अंशाच्या जरा वर, म्हणजे ६० आर्कमिनिटांहून जास्त. एन्कोडरची चूक त्यात सहज जिरते.

चुकतं ते बसवताना. दिगंशाचा (आडव्या फिरण्याचा) एन्कोडर मधल्या खिळीवर बसतो, आणि ती खिळी खालच्या फळीला घट्ट हवी. ती वरच्या पेटीबरोबर जराही फिरली तर आकडा खोटा. उन्नतांशाचा (वर-खाली होण्याचा) एन्कोडर बेअरिंगच्या बरोबर केंद्रात हवा. एन्कोडरला स्वतः फिरू न देणारी भुजा १०० मिमीची असेल आणि केंद्र फक्त २ मिमी सरकलेलं असेल, तर एक अंशाहून जास्त चूक येते. भुजेचं टोक स्क्रूने आवळू नका. ते खाचेत सैल सरकू द्या, नाहीतर पेटीचा प्रत्येक हेलकावा एन्कोडरच्या दांड्यावर येतो.

प्रश्वा

दिगंश, हिशोब बरोबर आहे, पण तुम्ही तो ४८पटीवर थांबवलात. तिथून पुढे या. शनी बघायला २००पट लावलं की ५० अंशी नेत्रिकेत उरतात १५ आर्कमिनिटं. खगोलीय विषुववृत्ताजवळची वस्तू सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकते, म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जेमतेम एक मिनिट. त्यात ढकलल्यानंतरचं थरथरणं थांबायला चार-पाच सेकंद. हवा स्थिर होण्याचे जे दोन-तीन क्षण मिळतात, ते नेमके नळी ढकलताना निसटतात. दहा माणसांना रांगेने गुरू दाखवायचा असेल तर ट्रॅकिंगशिवाय (मोटरने वस्तूमागे फिरत राहण्याशिवाय) कसं जमणार?

राहिला प्रश्न 'गोटू नीट लागत नाही' या तक्रारीचा. त्यातल्या बऱ्याचशा तक्रारी अलाइनमेंटच्या, म्हणजे सुरुवातीला माउंट ओळखीच्या ताऱ्यांशी जुळवून घेण्याच्या आहेत:

- पहिल्याच ताऱ्याला नळी भलतीकडे गेली तर वेळ, टाइम झोन आणि तारीख तपासा. वेळेत ४ मिनिटांची चूक म्हणजे आकाशात एक अंश. काही हँडसेट (माउंटचे बटणांचे रिमोट) महिना आधी आणि दिवस नंतर मागतात, तिथे हमखास घोळ होतो.
- दोन तारे एकमेकांपासून ६० ते ९० अंशांवर घ्या. मघा आणि स्वाती ही चांगली जोडी. समोरासमोरचे, खमध्याजवळचे (अगदी डोक्यावरचे) किंवा क्षितिजापासून २० अंशांच्या आतले नकोत. खाली वातावरणाच्या अपवर्तनामुळे तारा असतो त्याहून वर दिसतो.
- पुनर्वसूचे दोन तारे साडेचार अंशांवर आहेत. एकाऐवजी दुसरा पकडला की रात्रभर सगळं थोडं थोडं चुकत राहतं.
- तारा मध्यावर आणताना शेवटची हालचाल नेहमी त्याच दोन बटणांनी करा, समजा वर आणि उजवीकडे. पुढे गेलात तर मागे आणून पुन्हा त्याच बाजूने या. गिअरच्या दातांमधला मोकळेपणा मग नेहमी एकाच बाजूला राहतो.

मूळ_नक्षत्र

दोघांचाही वाद शिळा झालाय, असं स्पष्ट म्हणतो. एन्कोडर मोजतो दांडा, गोटू मोजतो मोटरचे फेरे. आकाशाकडे कुणीच बघत नाही! कॅमेऱ्याने फोटो काढायचा, त्यातल्या ताऱ्यांचे त्रिकोण-चौकोन सूचीशी जुळवायचे आणि नळी कुठे आहे हे थेट आकाशाला विचारायचं, ही प्लेट सॉल्व्हिंगची पद्धत आता फोनवरही चालते. २०२० पासून आरसा लावलेला फोनधारक असलेल्या दुर्बिणी मिळतात. फळी वाकडी, केंद्र सरकलेलं, कशाचाच फरक पडत नाही.

एकच गोष्ट नीट करा. फोनचा मध्य आणि नेत्रिकेचा मध्य उजेडातच दूरच्या मनोऱ्याच्या टोकावर जुळवून घ्या. शंभर मीटरवरचं झाड चालणार नाही. फोन नळीपासून २० सेंमी बाजूला असेल तर तेवढ्या अंतरावर सुमारे ७ आर्कमिनिटांचा फरक आधीच पडतो.

दिगंश

मूळ_नक्षत्र, पद्धत उत्तम आहे आणि दुर्बिणीला नवीन काही जोडायचं नसेल तर मीही तीच सुचवेन. पण नळी हलताना फोन आंधळा असतो. थांबा, दोन-तीन सेकंद उत्तराची वाट पहा, पुन्हा ढकला. एन्कोडरचा आकडा हाताबरोबर पळतो. पातळ ढग आले, मोठा चंद्र जवळ असला, की फोनला तारे कमी पडतात. एन्कोडरला ढगाशी देणंघेणं नाही.

प्रश्वा यांचा २००पटीचा मुद्दा मान्य. त्यावर माझं उत्तर विषुववृत्तीय फळी, म्हणजे आकाशाच्या वेगाने हळूहळू कलणारी फळी. डॉबच्या खाली ठेवायची, एकच मोटर, तासभर ट्रॅकिंग, मग परत सुरुवातीला आणायची. एक मात्र आहे, एन्कोडरच्या प्रणालीत फळीची तरतूद नसेल तर ती सरकत असताना आकडे हळूहळू चुकत जातात. म्हणून शोधताना जवळच्या एखाद्या ताऱ्यावर सिंक करून (आकडे त्या ताऱ्याशी पुन्हा जुळवून) घ्यावं.

वर्म१८०

इथे फोटोग्राफीचा विषय कुणीच काढला नाही, म्हणून लिहितो. डॉब, एन्कोडर, फोन, फळी हे सगळं डोळ्यासाठी ठीक. दीर्घ एक्स्पोजरला दिगंश-उन्नतांशी गोटूसुद्धा अपुरा, कारण चित्र स्वतःभोवती फिरतं. २० अंश अक्षांशावरून याम्योत्तरावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) ४५ अंश उंचीवरची वस्तू घ्या. फिरण्याचा वेग पडतो तासाला २० अंश. ३० सेकंदांत ०.१७ अंश, म्हणजे मध्यापासून २००० पिक्सेलवरचा तारा ६ पिक्सेल ओढला जाणार. ट्रॅकिंग कितीही अचूक असलं तरी. खमध्याकडे हे आणखी वाढतं, नेमक्या पूर्वेला-पश्चिमेला शून्य होतं.

जुन्या विषुववृत्तीय (एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेल्या) माउंटला स्वतः मोटर बसवणं हा मधला रस्ता आहे. ऑनस्टेपसारखी मुक्त (ओपन सोर्स) नियंत्रण प्रणाली, दोन स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या मोटर), पट्टे. हिशोब असा: मोटरचे २०० टप्पे × ३२ सूक्ष्म टप्पे × पट्ट्याचं गुणोत्तर ४ × वर्मने (स्क्रूसारख्या गिअरने) फिरणाऱ्या चाकाचे १८० दात = ४६,०८,०००. अंशाला १२,८०० टप्पे, एक टप्पा ०.२८ आर्कसेकंदाचा. ताऱ्यामागे धावायला सेकंदाला सुमारे ५३.५ टप्पे पुरतात. सेकंदाला ३ अंशांनी फिरवायचं म्हटलं तर मात्र ३८,४०० लागतात, आणि तिथेच १२ व्होल्टवर मोटर टप्पे गाळते. वेग निम्मा करा, किंवा ड्रायव्हरला सोसत असेल तर २४ व्होल्ट द्या.

१८० दातांच्या चाकाला वर्मचा एक फेरा ८ मिनिटांचा. ट्रॅकिंगच्या लॉगमध्ये दर ८ मिनिटांनी तोच चढउतार दिसला तर ती वर्मची आवर्ती चूक आहे, ध्रुवीय अलाइनमेंटला दोष देऊ नका. ते दुरुस्त करायच्या नादात वर्म गिअरवर घट्ट दाबू नका. दाबलेला वर्म थंडीत अडकतो. हाताला अगदी किंचित मोकळीक जाणवली पाहिजे.

हंस_पुच्छ

यातलं काहीही घेण्याआधी एक हिवाळा नुसती द्विनेत्री आणि नकाशा. व्याधाकडून मेसिए ४१ हा उघडा तारकागुच्छ शोधायला चार अंश दक्षिणेला जायचं, इतकंच! माणसाला आकाश येत नसेल तर यंत्र चुकलंय हे त्याला कळणार कसं?

प्रश्वा

हंस_पुच्छ, व्याधाजवळ हे सोपं, कारण वाटाड्या तेजस्वी आहे. उजेडाने धुतलेल्या आकाशात, जिथे तिसऱ्या प्रतीखालचा तारा दिसत नाही, तिथे कन्येतल्या दीर्घिकांपर्यंत उड्या मारायला तारेच नसतात. तिथल्या नवख्याला नकाशा देऊन निराश करू नये.

दिगंश, तुमच्या फळीवर दर तासाला मागे या, सिंक करा, हे सगळं आलंच. दोन्ही अक्षांवर स्वतंत्र एन्कोडर असलेले गोटू मिळतात. हाताने ढकलला तरी हिशोब राहतो आणि सोडला की ट्रॅकिंग चालू.

कुठलीही पद्धत घेतलेली असो, चूक पकडायची चाचणी सांगते. अलाइनमेंटनंतर आकाशाच्या चार बाजूंचे चार तारे मागा आणि तारा मध्यापासून कुठे पडतो ते लिहून ठेवा. डावीकडून आल्यावर एकीकडे आणि उजवीकडून आल्यावर दुसरीकडे पडत असेल तर तो बॅकलॅश, म्हणजे गिअरच्या दातांमधला मोकळेपणा. उंचीबरोबर चूक वाढत असेल तर नळी अक्षाला काटकोनात नाही किंवा वाकते आहे. हँडसेटवरून बरोबर आणि टॅबलेटवरून मात्र सगळीकडे साधारण २० आर्कमिनिटं एकाच अंगाला सरकत असेल, तर टॅबलेट २००० सालचे सहनिर्देशक पाठवतोय आणि माउंट आजचे धरतंय. परांचनामुळे (पृथ्वीचा अक्ष हळूहळू भोवऱ्यासारखा घुमतो त्यामुळे) वर्षाला ५० आर्कसेकंद साठत जातात. सेटिंगमधला एक पर्याय बदलला की काम झालं. आणि वेगात फिरताना मधेच हँडसेट बंद होऊन चालू झाला, तर अलाइनमेंट पुन्हा करण्याआधी बॅटरीची तार आणि प्लग बघा.

दिगंश

चाचणी सुरेख आहे, एन्कोडरलाही जशीच्या तशी लागू पडते. पण तसे दुहेरी एन्कोडरवाले माउंट आठ इंचीसाठी घ्यायचे तेवढ्याच पैशांत साधा दहा इंची डॉब येतो, एन्कोडर धरून. दहा इंची आरसा आठ इंचीपेक्षा दीडपटीहून जास्त प्रकाश गोळा करतो. अंधुक दीर्घिकेसाठी मी तोच घ्यायला सांगेन.